कोरडं तोंड

"तोंड उघडा, कस्तुराबाई. अजून मोठं."

चिंतामणी डॉक्टरांनी आरशानं खिडकीतलं ऊन तिच्या तोंडात पाडलं. दातांना कीड नव्हती. हिरड्या घट्ट होत्या. त्यांनी फटीतून दोरा ओढून हुंगला. घसा पाहिला. काहीच सापडेना, वास मात्र होता.

दाराशी तिचा नवरा महिपती उभा होता. चार वर्षं बसऱ्याच्या लढाईत काढून तो दोन महिन्यांपूर्वी मावळात परतला होता. तिकडच्या वाळूत त्याला रोज हीच आठवायची. आता त्या वासामुळं तो पाठ फिरवून जेवायचा आणि ओटीवर निजायचा. बाहेर बैलगाडीत तिचं गाठोडं होतं. कामशेतच्या या नव्या डॉक्टरालाही कारण सापडलं नाही, तर गाडी इथूनच तिच्या माहेरी जाणार होती.

"मिश्री लावता?"

"न्हाई."

"कच्चा कांदा, लसूण?"

"कांद्यापायी कुनी गाडी जुपतं व्हय, डाक्टर?" महिपती म्हणाला.

डॉक्टरांनी जिभेला बोट लावलं. ती कोरडी ठाक होती. दुपार टळून गेली होती.

"आज काय खाल्लंत?"

"काय न्हाई."

"पाणी तरी?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"काल?"

"दिवं लागल्यावर मूठभर भगर."

"असं किती दिवस?"

"हे लढाईवर गेल्यापासनं."

घरात बायका सगळ्यांच्या मागून जेवत. तिच्या ताटात काय असतं, ते कुणी पाहिलं नव्हतं.

"हा रोग नाही," डॉक्टर म्हणाले. "उपाशी तोंडात लाळ सुटत नाही. लाळ नसली की वास येतो."

"पर मी येऊन दोन म्हैनं झालं की!" महिपती पुढं आला. "आता कशाचा उपास?"

तिनं पदर ओठांवर धरला. बोलली ती डॉक्टरांशीच.

"कारल्याच्या देवीआईला नवस बोलले होते. हे सुखरूप आले, की ह्यांच्या हातचा घास खाऊनच उपास सोडीन. रोज हे जेवताना समोर बसते. हे पाठ फिरवत्यात."

"मग सांगायचं नाही का त्यांना?"

"मागून घेतलेला घास नवसाला कसा चालंल?"

महिपतीनं कोपऱ्यातल्या घागरीतल्या पाण्यानं हात धुतले.

"डाक्टर," तो म्हणाला, "घरात भाकरी हाय का?"