काजीचा डीक

डेल्सीच्या पत्राला जासिंत मास्तरांनी कधी उत्तर दिलं नव्हतं. 'तुझं मन आहे की नाही, एवढंच कळव,' असं तिनं तरुणपणी मडगावहून लिहिलं होतं. उत्तरादाखल लिहिलेली प्रत्येक ओळ मास्तरांना खोटी वाटत गेली आणि त्यातच आयुष्य सरलं.

यंदा पावसाळ्यात त्यांच्या मनगटावर काळे चट्टे उठले. कुठल्याच मलमानं ते बरे होईनात, म्हणून ते कुडाळला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

"मास्तर, ह्यो तर काजीचो डीक! ह्या वयात काजी भाजतास?" डॉक्टर हसले.

"सप्टेंबरात काजी खंय गावतत?"

"मगे ही चार बोटां कोणाची?"

मास्तरांनी निरखून पाहिलं. कुणीतरी मनगट धरल्यासारखेच ते चट्टे होते.

मे महिन्यात अंगणात भाजलेले काजू फोडताना डेल्सीची बोटं टरफलातल्या चिकट तेलानं, डिकानं, अशीच काळी होत. तशाच हातानं ती त्यांना समुद्रावर ओढत नेई. त्या आठवणीनं मास्तरांना हसू आलं, तोच चट्टे दाबल्यासारखे दुखले.

घरी येऊन त्यांनी लिहिलं, 'होतं. अजून आहे.'

आपल्या तोंडवली गावच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सरकवलं. ते सोडण्याआधीच आतून कुणीतरी अलगद ओढून घेतलं.