बाबाम्हणतात

आईने आज पहिल्यांदाच फोन चिमणीच्या कानाला लावला. चार वर्षं तिने पोरीला फोनचा वाराही लागू दिला नव्हता.

चिमणी सातमाशी, मूठभर जीव. "वाढत्या मेंदूवर फोनच्या लहरींचा परिणाम होऊ शकतो म्हणतात, पण खात्रीने अजून कुणालाच सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आईने त्यातलं 'परिणाम' तेवढं मनात घट्ट धरलं. पोर तान्ही असतानाच नवरा दूरच्या खाणीत पंप चालवायला गेला, तो मधे एकदाही घरी आला नाही. त्याने फोनवरून किती विनवण्या केल्या. "अगं, मिनिटभर तरी दे तिच्याकडे!"

"खात्री नाही ना? मग खात्री करून घ्यायला माझीच पोर सापडली का?"

त्याच्या मागे सदा पंपांची घरघर. स्पीकर लावला तर शब्द कळायचा नाही. म्हणून आई पोरीपासून लांब, जिन्यात उभी राहून फोन कानाला लावायची आणि आत पलंगावर बसलेल्या चिमणीला तिथूनच ओरडून सांगायची, "बाबा म्हणतात, दूध संपव!" "बाबा म्हणतात, माझी चिमणी कुठे उडाली?" शेजारीपाजारी हसायचे. चिमणीला वाटलं, या माणसाचं नावच ते. "बाबाम्हणतात कधी येणार?" असं तिने विचारलं, तेव्हा तो पलीकडे पोट धरून हसला होता. "येतो म्हणावं, पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात खाणीत पाणी शिरलं. तो आला नाही, त्याच्या कपड्यांची पेटी आली. आईच्या फोनमध्ये मात्र त्याच्या आवाजातला एक निरोप राहिला होता. इस्त्री करताना तिने फोन उचलला नव्हता, त्या दिवशीचा. आता व्हायचं ते होवो, लेकीला बापाचा आवाज तरी मिळू दे, असं तिला फार फार वाटलं.

"चिमणे, ओळखलंस का मला? लवकर येतो हं!" जाडाभरडा, हसरा आवाज.

चिमणीने नीट ऐकलं. मग फोन आईच्या हातात ठेवला. "हे काका कोण?"

"अगं, बाबा! तुझे बाबाम्हणतात!"

"नाही गं आई," चिमणी समजूत घालावी तशी म्हणाली. "बाबाम्हणतातचा आवाज तुझ्यासारखा आहे. तू जिन्यात जाऊन उभी राहा ना, म्हणजे ते बोलतील."