दिवा हिरवाच

ऊस तुटला की मागं उरलेलं पाचट पेटवून द्यायचं, ही मांजरीच्या गेनबांची पिढीजात पद्धत. गाव पुणे महापालिकेत गेलं, तरी बंगल्यामागचा ऊस आणि ही पद्धत दोन्ही जागच्या जागी राहिली. गेल्या वर्षी त्या धुरानं चार वर्षांची नात शेफाली दवाखान्यात पोचली, तेव्हा मात्र गेनबांनी तिच्याच डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, "पुन्यांदा काडी लावनार न्हाई." त्यांच्या मुलानं, ऋषीनं, तिच्या खोलीत हवा शुद्ध करणारं मशीन बसवलं. हवा चांगली असली की हिरवा दिवा, धूर आला की लाल.

यंदा ऊस तुटला, पण गेनबांनी शब्द पाळला. दिवा महिनाभर हिरवाच राहिला.

रविवारी ऋषी बाहेरून आला तर मागं पाचट धडधडत होतं, शेफालीच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती आणि ती खोकून खोकून निळी पडली होती. खोलीच्या दारात गेनबा दोन पाहुण्यांना घेऊन उभे.

"आबा, शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"आरं, थोडंसंच पेटवलंय. पाव्हणं म्हनले, दिवा हिरव्यावरनं हलंना, मशीन बंद दिसतंय. मग डेमो नको द्यायला?"

दिवा लालभडक झाला होता. पाहुण्यांनी समाधानानं मान डोलावली.

 

शेफालीला गाडीत घालून ऋषी दवाखान्याकडे सुटला, तेव्हा गेनबा पाहुण्यांना म्हणाले, "तरी बरं, घरात मशीन हाय!"