निळा खडू

आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या एमएचा पहिलाच तास होता. बाईंनी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि आठवेल तसा जगाचा नकाशा काढायला सांगितला. लातूरच्या प्रांजलीचा हात झरझर चालला. भूगोलात ती आजवर कुणाला हार गेली नव्हती. भारत बरोबर मध्यभागी आला, त्यात गावाजवळची मांजरा नदीसुद्धा आली. देश काढून झाल्यावर उरलेल्या जागेवर तिने निळा मेणखडू आडवा धरून भराभर फिरवला.

नकाशे भिंतीवर लागले. कुठल्याशा बेटावरून शिकायला आलेला तियोने नावाचा मुलगा तिच्या नकाशापुढे बराच वेळ उभा होता.

"तुझा देश दाखव की," ती कौतुकाने म्हणाली.

त्याने निळ्या रंगावर अलगद बोट टेकवलं.

ओशाळून ती त्याच्या नकाशाकडे वळली आणि जागीच थबकली. जमीन म्हणजे कडेला काढलेली चार रिकामी वर्तुळं. बाकी सगळा समुद्र, आणि त्यात मुंगी शिरायला जागा नाही इतकी नावं: बेटांची, प्रवाहांची, पाण्याखालच्या खडकांची, वाट दाखवणाऱ्या ताऱ्यांची.

तिने घाईने खोडरबर काढला. पण मेणाचा रंग कुठला निघतोय, नुसता पसरला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याच्यावरच लिही. मी सांगतो."

ती लिहीत गेली. एकेका नावापाशी तो जरा थांबायचा, तिथला वारा आठवल्यासारखा.

जेवणाची सुट्टी संपली, तरी नावं संपेनात.