मामाची मांडी

वडिलांच्या शेतातला हिस्सा बहिणीने सोडावा, म्हणून मायांडी तिला मुद्दाम उसिलंपट्टीला सिनेमा दाखवायला घेऊन गेला. पडद्यावर मामाने भाचीला मांडीवर घेऊन तिचे कान टोचवले आणि बहिणीने हसत हसत आपला हिस्सा भावाला देऊन टाकला. सगळं थिएटर मुसमुसत होतं.

बाहेर येताच मायांडी डोळे पुसत म्हणाला, "बघ पेची, बहीण असावी तर अशी!"

पेचियम्मानेही पदर डोळ्यांना लावला. "भाऊही तसाच होता की, अण्णा! माझ्या लेकीचे, तेन्मोळीचे कान टोचले तेव्हा तू फिरकलासुद्धा नाहीस. अख्ख्या गावासमोर मीच तिला मांडीवर घेऊन बसले."

"अगं, झालं गेलं सोड ना आता!"



"सोडते कसली! मामाचं काम मी केलंय, आता मामाचा हिस्साही मीच घेणार!"