बुवांपुढे खुर्ची

संधिवातानं गुडघे आखडलेल्या चंद्रभागाबाईंना ठाण्याच्या कचेरीत साहेब म्हणत, “हसत राहा, दुखणं पळेल.” घरी यजमानांचंही तेच पालुपद. निदान कीर्तनात तरी हा उपदेश चुकेल म्हणून त्या वर्तकनगरच्या देवळात आल्या. सतरंजीवर बसवेना, तेव्हा मागे लोखंडी खुर्ची ओढून टेकल्या. शेजारीण कुजबुजली, “अहो, बुवा उभे नि तुम्ही खुर्चीवर?” त्यांनी राग गिळला. तेवढ्यात बुवा गरजले, “देह म्हणजे भाड्याचं घर! कुरकुर कसली करता? आनंदात राहा!” झालं! चंद्रभागाबाई तिथूनच कडाडल्या, “बुवा, नामाचं भाडं रोज भरतेय मी! घरमालकाला सांगा, आधी गुडघे दुरुस्त कर!” बुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि धोतरावरून स्वतःचा गुडघा चोळला. “माई, माझीही तक्रार त्याच्याकडेच पडून आहे. अरे, आणखी एक खुर्ची आणा. आजचं आख्यान बसूनच सांगतो.”