काठोकाठ पेला
कझाखस्तानातल्या कपचगाय शहराच्या पोकर स्पर्धेत रशियाहून आलेला हा मेला गेन्नादी सकाळपासून पत्ते न बघताच सगळ्या चिपा पुढे ढकलत होता. असल्या बेफाम माणसाशी भिडायचं तर भारी पानांची वाट बघावी लागते. मी थांबले. मधूनमधून त्याला चहाही देत होते, आम्हा कझाखांच्या रीतीने मानाचा अर्धाच पेला. दुपारी मला दोन राजे आले; त्यांहून भारी फक्त दोन एक्के. त्याने पुन्हा सगळं पुढे ढकललं आणि किटली उचलून माझा पेला काठोकाठ भरला. मी चरकले. आमच्याकडे काठोकाठ पेला म्हणजे पाहुण्याला ‘आता निघा’. याने या वेळी पत्ते पाहिलेत? नक्की दोन एक्के! आतापर्यंतचा वेडेपणा नुसतं सोंग! मी डाव सोडला. त्याने पानं उलटली: सत्ती, दुर्री. “बाई, सकाळपासून अर्धाच पेला देताय,” तो म्हणाला. “म्हटलं, भरून द्यावा, म्हणजे तुमचा राग जाईल.”